निळ्या धुराचे मिस्त्री

"खोलायची घाई करू नका. खोलायला अक्कल लागत न्हाई, नुसता पान्हा लागतो."

एवढं बोलून मिस्त्री खिशातून रुमाल काढायचे. पांढरा, धुतलेला, चार घड्यांचा. तुम्ही इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री पाहिले असतील. त्यांच्या खांद्यावर जो फडका असतो त्याचा मूळ रंग त्यांच्या बायकोलाही सांगता यायचा नाही. यांच्या खांद्यावरही तसला एक होताच. पण रुमालाचं काम वेगळं होतं. तो फक्त धुरासाठी. इंजिनाच्या नळीपुढं तो दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, मग नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. अत्तराच्या दुकानात एखादा नबाब बसलाय असं वाटायचं.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदर तोंडात कोंबून हसले होते. कारण मी इंटर सायन्स पास होते, आणि धूर हुंगणं काही आमच्या पुस्तकात नव्हतं.

त्या हसणाऱ्या पोरीची, म्हणजे माझीच, आधी ओळख करून देते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. औरंगाबादेच्या कॉलेजातून दोन वर्षं शिकून मी घनसावंगीपासून दोन कोसांवरच्या गावात सून म्हणून आले. वय वर्षं वीस. जगात मला न कळणारी गोष्ट अजून तयार व्हायची होती. येताना ट्रंकेत फिजिक्सचं पुस्तक आणलं होतं, आणि ते मी देवघराशेजारच्या फळीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. सासूबाई रोज पोथीबरोबर त्यालाही हळद-कुंकू वाहायच्या. मी त्यांना कधी अडवलं नाही.

मालक अंबडच्या शाळेत मास्तर, शनिवारी यायचे. घरी सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, शेताबरोबर पिठाची गिरणी होती. गावात वीज नव्हती. गिरणी डिझेल इंजिनावर चाले. इंजिनाच्या चाकावरून लांब पट्टा जात्याच्या चाकावर चढवायचा, की दळण सुरू. आजूबाजूच्या पाच गावांच्या भाकरी त्या एका इंजिनावर अवलंबून होत्या. ते बंद पडलं तर बायकांना डोक्यावर पायली घेऊन तीन कोस चालावं लागे, नाहीतर घरच्या जात्यावर पहाटेपासून हात मोडावे लागत.

दुष्काळात त्या इंजिनानं सरकारी मका, परदेशी मिलो ज्वारी, काय काय दळलं होतं. दमलं बिचारं. शेवटी मामंजींनी जालन्याहून मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री जालन्यातल्या मस्तगड भागात राहायचे. सडपातळ, काळेसावळे, डोक्यावर केस कमी आणि कानांवर जास्त. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा ते स्वतः एका लोहाराच्या भट्टीवर भाता ओढत होते. तिथून इंजिनापर्यंत कसे पोचले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "आल्तो चालत चालत," एवढंच म्हणायचे. त्यांनी पाच दिवस गिरणीत मांडी घालून सगळं इंजिन उलगडलं, झिजलेलं काढलं, नवं बसवलं आणि पुन्हा जुळवलं. आमच्या घरात तेव्हा बाहेरच्या कामकऱ्यांसाठी वेगळी कपबशी असायची, ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्यात पालथी. मी चहा करून पाठवला की मिस्त्री सांगायचे, "चहा सोडलाय मी." रोज विचारलं, रोज तेच. मी इंटर सायन्स पास. मला ते खरंच वाटलं.

सहाव्या दिवशी इंजिन चालू झालं. काय आवाज तो! नुसता ठोका, मध्ये कुठं धाप नाही. जाताना मिस्त्री मामंजींना आणि दाराआडून ऐकणाऱ्या मला सांगून गेले, "पहिला एक तास बिनपट्ट्याचं फिरवा. मंग पट्टा चढवा अन् दळायला लागा. उद्यापासून पोटभर काम द्या. लाड बिलकुल करू नका."

त्याच दिवशी दुपारी मामंजी लेकीकडे बारशाला निघाले. आठ दिवसांनी येणार होते. गिरणी माझ्या आणि गड्याच्या स्वाधीन केली. जाता जाता म्हणाले, "सूनबाई शिकलेली हाये, बघंल ती."

आणि सूनबाईंनी बघितलं.

इंजिनाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, मामंजींच्या पेटीत अस्तराखाली पडून होती. ती मी काढली. त्यात लिहिलं होतं की नव्या किंवा नव्यानं जुळवलेल्या इंजिनावर सुरुवातीला जादा भार टाकू नये. पानाच्या अगदी तळाशी. मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. म्हणजे मिस्त्री चुकले! तो धूर हुंगणारा माणूस म्हणतो पोटभर काम द्या, आणि छापील पुस्तक म्हणतं भार टाकू नका! मी पुस्तिका मिटली. पान उलटायचं राहिलं.

सासूबाईंना म्हटलं, आठ दिवस दळण बंद. नुसतं इंजिन फिरवायचं, रोज चार-पाच तास, पट्ट्याशिवाय. सासूबाई म्हणाल्या, "का गं? मिस्त्री तर दळा म्हणून गेल्ता."

आता पुस्तकाचं नाव घेतलं असतं तर सासूबाईंनी कपाळावर हात मारला असता. म्हणून मी म्हटलं, "नाही आत्या, जाताना मला वेगळं सांगून गेले. मिस्त्रीच म्हणाले, आठ दिवस दळू नका."

बघा. खोटं बोलायला इंटर सायन्स लागत नाही.

बाळंतिणीची ठेवावी तशी मी त्या इंजिनाची बडदास्त ठेवली. गडी हँडल मारी, मी पाटावर बसून ऐके. चार तास ते सुखानं रिकामं फिरे. मध्ये मला वाटलं, तेल कमी तर नाही? तेल मोजायच्या कांडीवर रेघ होती तिथपर्यंत तेल बरोबर होतं, पण पाहुण्याच्या पानात तूप वाढताना आपण रेघ बघतो का? मी आणखी ओतलं. गडी म्हणाला, "बाई, रेघेच्या वर गेलं." मी म्हटलं, "चांगलंच आहे."

आठव्या दिवशी मामंजी आले. विचारलं, "मिस्त्रीनं सांगितल्यापरमानं चालवलं ना?" "अगदी," मी म्हटलं. बायकांनी दारात पायल्यांची रांग लावली होती. पट्टा चढला, जातं फिरलं आणि नळीतून धूर आला.

निळा.

थोडाथोडका नाही. चुलीत ओली शेणी घातल्यावर येतो तसा दाट, पण निळसर, आणि नाकात जाऊन बसणारा. तासाभरात गिरणीत माणसाला माणूस दिसेना. संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरातून एकच बोंब: भाकरीला तेलाचा वास येतो. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आमच्या दारात अर्धी भाकरी घेऊन आली, मामंजींच्या हातात देत म्हणाली, "खाऊन बघ. मंग सांग, ही भाकर हाय का कंदिलाची वात."

तिसऱ्या दिवशी कांडी पाहिली तर तेल रेघेखाली गेलेलं. मी ओतलेलं सगळं इंजिन प्यायलं होतं आणि वर मागत होतं.

मामंजींनी मिस्त्रींना निरोप धाडला, पण धीर धरवेना म्हणून दुसऱ्या गावचा एक मेकॅनिकही बोलावला. तो काळा चष्मा लावून आला. इंजिनाला हात न लावताच म्हणाला, "रिंगा उलट्या बसवल्यात. तेल वर चढतंय. खोला सगळं." रिंगा म्हणजे इंजिनातल्या दट्ट्याभोवतीची कडी, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. उलट्या बसल्या तर तेल खरवडून खाली पाठवायच्या ऐवजी वर नेतात. मी मनात म्हटलं, वाटलंच होतं! इतका दुष्ट आनंद पुन्हा मला आयुष्यात झाला नाही.

मिस्त्री सकाळच्या मोटारीनं आले तेव्हा अर्धं गाव गिरणीत होतं. मामंजींनी त्यांना पाणीही विचारलं नाही. म्हणाले, "मिस्त्री, तुझ्या हातचं इंजिन बघ. रिंगा उलट्या घातल्यास म्हणतो हा."

मिस्त्रींनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. "खोलून बघितलं का?"

"खोलायला काय पाहिजे? धूर दिसून राह्यला की!"

"दिसतो खरा," मिस्त्री म्हणाले आणि गड्याला म्हणाले, "मार हँडल."

आणि मग मी जे पाहिलं ते तुम्हाला जमेल तसं सांगते. पुढं आयुष्यात मी डॉक्टर पाहिले, वकील पाहिले, दोन मंत्रीही जवळून पाहिले. पण माणूस एखाद्या गोष्टीपुढं इतका पुरता हजर असलेला मी परत पाहिला नाही.

आधी रुमाल. हुंगला. "तव्यावर तेल जादा पडल्यावर येतो तोच वास. डिझेलचा न्हाई, पाण्याचा न्हाई. तेलच जळून राह्यलं." चष्मेवाला म्हणाला, "मी तेच म्हणलो." मिस्त्री म्हणाले, "व्हय. इथवर तुमचं बराबर हाय."

मग इंजिनाच्या अंगाला हवा सोडायचं एक भोक असतं, त्यावर तळहात धरून उभे राहिले. मग पान्ह्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला. गिरणीत चाळीस माणसं असतील, एकही खोकलं नाही. खरं तर धूर खोकण्यासारखाच होता. मग म्हणाले, "पट्टा चढवा. धान्य टाका." धान्य द्यायला कुणी तयार होईना. शेवटी मामंजींनी बैलांसाठी ठेवलेला मका टाकला. भार पडला तसा धुराचा लोट उठला. लोक मागं सरले. चष्मेवाला हसला. मिस्त्री मात्र नळीपाशी उकिडवे बसले ते बसलेच. पाव तास. अर्धा तास.

"मामा," ते मामंजींना म्हणाले, "बघा. रिंगा उलट्या असत्या तर भार पडल्यावर धूर वाढत गेला असता. हा पहिल्यांदा वाढला, आता कमी होऊन राह्यला."

मला काही कमी दिसत नव्हतं. कुणालाच दिसत नव्हतं. मग त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि नळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळं, ओलं, चिकट काहीतरी लागलं. ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

"ही लाळ हाय. काम न करता बसून ऱ्हायलेलं इंजिन अशी लाळ गाळतं. हे लई तास रिकामं फिरलंय."

मी दारात एक पाऊल मागं सरले.

"कसं असतं, मामा," ते हळू समजावत होते, "जात्याला टाकी लावतात न्हाई का, दळण बारीक पडावं म्हणून? तशी इंजिनाच्या नळकांड्याला आतून बारीक रेघ मारलेली असती. नवी रिंग अन् ती रेघ एकमेकांना घासून बसतात. पर त्याला जोर लागतो, अन् जोर भार दिल्याशिवाय येत न्हाई. रिकामं फिरवलं की रेघेत तेल भाजून बसतं. काचेवानी गुळगुळीत होतं. मंग रिंग सरकती अन् तेल वर चढतं."

किती साधं! माझ्या फळीवरच्या पुस्तकात घर्षणावर एक अख्खा धडा होता. मला तो पाठ होता. पण घर्षण कधीकधी हवंही असतं, हे कुणी टाकी लावलेलं जातं दाखवून सांगितलं नव्हतं.

मामंजी मात्र तापले. "रिकामं फिरलंय? आरं, मला दळा म्हणलास, अन् मागनं सूनबाईला तूच सांगून गेल्तास ना, आठ दिस दळू नका म्हणून!"

मिस्त्रींनी फडक्याला बोट पुसलं. त्यांनी मान वर केली. आधी मामंजींकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि मग मधल्या दाराकडे, जिथं मी चौकट धरून उभी होते. एक क्षणभर. तेवढ्यात त्यांनी मला अख्खी वाचली. इंजिनापेक्षा मी फारच सोपी असणार.

मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं.

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "माझ्याच सांगण्यात कसर ऱ्हायली."

आणि मी काय केलं? मी आत गेले आणि नसलेला चहा गाळू लागले.

चष्मेवाला म्हणाला, आता तरी खोला. मिस्त्री म्हणाले, "दोन दिस द्या, मामा. भर भारावर चालवू. न्हाई सुधारलं तर मी सोता खोलतो. अन् रिंग उलटी निघाली तर ह्या तालुक्यात पान्हा हातात धरणार न्हाई."

तेल बरोबर रेघेपर्यंत भरलं आणि दोन दिवस इंजिन दिवसभर ओढलं. माणसांचं धान्य कुणी देईना, म्हणून मिस्त्री घरोघर जाऊन सरकी, मका, मोडकी तूर, जनावरांचा जो काही भरडा करायचा असेल तो मागत होते. आमच्या गावच्या बैलांनी त्या आठवड्यात इतकं बारीक खाल्लं की सासूबाई म्हणाल्या, आता ते कढीही मागतील. मिस्त्री इंजिनाशेजारच्या पोत्यावर बसून. जेवणाचा डबा मस्तगडहून आणलेला. मी दारातून पाहायचे. पहिल्या दिवशी धूर निळाच. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा, पण पलीकडची भिंत दिसायला लागली. दुपारी भिंतीवरचे पोपडे दिसले.

तिसऱ्या प्रहरी सासूबाई घरातली पांढरी ज्वारी घेऊन स्वतः गेल्या. म्हणाल्या, "माणसाचं दळा आता." ज्वारी पडली, भार आला, आणि सगळ्यांनी नळीकडे पाहिलं. नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. उन्हात मातीवरून उठते ना, तशी. त्या हवेतून पलीकडचा लिंब हलल्यासारखा दिसत होता, बाकी काही नाही. एक बोल्ट न काढता. मी इतकी वर्षं जगले, देवळंही बरीच पाहिली. पण हात आपोआप जोडले गेले ते त्या नळीपुढं.

मिस्त्रींनी रुमाल धरला, हुंगला, घडी करून खिशात टाकला. "येतो, मामा."

गोष्ट इथं संपली असती तर मी आज सुखानं मिरवली असती. पण गावात काय पसरलं? मिस्त्रीनं चुकीचं सांगितलं, इंजिन बिघडलं, मग त्यालाच निस्तरावं लागलं. तो चष्मेवाला तर गावोगाव सांगत फिरला. चारेक महिन्यांनी दळणाला आलेल्या एका बाईनं सहज म्हटलं, "आमच्या भावकीनं उसावरचं इंजिन त्या चष्मेवाल्याला दिलं. जालन्याच्या मिस्त्रीच्या हाताला आता पहिल्यावानी राह्यलं न्हाई म्हणत्यात." दुसरी म्हणाली, "आमच्याकडंबी तसंच झालं."

त्या रात्री काही फार विचार-बिचार केला नाही मी. झोप लागली, कारण वय झोपेचं होतं. पण सकाळी पुस्तिका काढली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पान उलटलं. पलीकडच्या पानावर पहिलीच ओळ होती: आणि इंजिन भाराशिवाय फार वेळ चालवूही नये.

मी पुस्तिका घेऊन गिरणीत गेले. बायका होत्या, गडी होता, मामंजी ओट्यावर सुपारी कातरत होते. गड्याला म्हटलं, इंजिन बंद कर. जातं थांबेपर्यंत सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मिस्त्रींनी दळू नका असं सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "दळा म्हणाले होते. ह्या पुस्तिकेचं एकच पान वाचून, त्यांचं नाव घेऊन मी खोटं सांगितलं. इंजिन मी बिघडवलं. तेलही मीच जास्त ओतलं."

माझ्या मागोमाग सासूबाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हणलंच होतं, एवढं इंग्रजी अंगी लागायचं न्हाई." बायका हसल्या. मामंजी हसले नाहीत. त्यांनी अडकित्ता मिटला. "मंग तो 'व्हय' कामून म्हणला?"

याचं उत्तर सगळ्यांनाच कळत होतं. मामंजींना सगळ्यांत उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा पुरतं कळलं. म्हणाले, "लुगडं बदल. जालन्याला जायचंय."

मस्तगडच्या त्या बोळात मिस्त्रींच्या घरापुढंच त्यांचं काम चाले. शेजारी आणखी दोन मिस्त्री, चार गिऱ्हाइकं. मामंजी उभ्यानंच, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मिस्त्री, तुम्ही बराबर सांगितलं होतं. चूक आमच्या घरची होती. तुमच्या नावाला बट्टा लागला तो आमच्यामुळं. पाच गावांत मी सोता सांगणार हाये."

मिस्त्री हात पुसत उठले. "बसा मामा. एवढ्या उन्हात आल्ते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "लई दिस लावले, बाई." रागानं नाही. इंजिन तापायला किती वेळ लागला हे नोंदवावं तसं.

त्यांच्या बायकोनं चहा आणला. ठसठशीत बाई, कपाळ रुंद, मनातलं सगळं डोळ्यांत दिसणारी. मामंजींनी कप हातात घेतला. किती वेळ धरून बसले, चहावर साय धरली तरी. मी माझ्या कपाकडे बघत राहिले. मग मामंजींनी एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला. मिस्त्री तिथल्या तिथं दोन कप प्याले, वर बायकोला म्हणाले, "आजून हाय का गं?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की या माणसानं चहा कधीच सोडला नव्हता.

मामंजींनी शब्द पाळला. पाच गावांत बैलगाडी फिरवली. आमच्या कोनाड्यातली कपबशी सासूबाईंनी एक दिवस काही न बोलता फोडून उकिरड्यावर टाकली. त्यानंतर मिस्त्री आले की त्यांच्या आल्याची बातमी मला चहाच्या आधणावरून कळे.

आणि माझी शाळा सुरू झाली. ते म्हणाले, "तुमच्याकडं इंग्रजी पुस्तक हाय ना? मला वाचून दाखवा. दोन्ही बाजूंनी." मी वाचायचे, मराठीत सांगायचे. ते ऐकायचे, मान डोलवायचे, कधी म्हणायचे, "हे लिहिणाऱ्यानं इंजिन बघितलंय," कधी, "ह्यानं न्हाई बघितलं." बदल्यात मला धूर शिकवला. काळा कधी, पांढरा कधी, थंडीत कुठला माफ, उन्हाळ्यात कुठला नाही. निळा धूर दिसला की लगेच निवाडा करायचा नाही. तो कधी येतो ते बघायचं. चालू करताना, भारावर, की भार उतरल्यावर. रुमालही दिला. मी हुंगायचे आणि काहीतरी बोलायचे. "तुम्ही नाकानं वास घेत न्हाई, बाई," ते म्हणायचे, "उत्तर शोधता. आधी वास घ्या." हे माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं सगळ्यांत खरं वाक्य असेल.

पाचेक वर्षं अशी गेली. गावात विजेचे खांब आले, तारा यायच्या होत्या. मिस्त्रींना दम लागायला लागला. मोटारीच्या पायऱ्या चढताना थांबायचे.

त्यांच्याकडून निरोप आला तो हिवाळ्यात. नदीकडच्या एका गावात उसाच्या गुऱ्हाळाचं इंजिन महिन्यापूर्वी कुणीतरी नवं करून दिलं होतं आणि ते धूर टाकत होतं. हंगाम तोंडावर. गुऱ्हाळवाला मिस्त्रींना न्यायला आला होता, ते उठू शकत नव्हते. त्यांनी त्याला आमच्या गावी धाडलं. तो ओसरीवर बसून माझ्याकडे संशयानं बघत म्हणाला, "मिस्त्री म्हणले, बाईला न्या. ती म्हणंल ते माझंच म्हणणं समजा."

मी मामंजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा. अन् पान उलटून बघ."

गुऱ्हाळावर वीसेक पुरुष होते. कुणीतरी मागून म्हणालं, "मिस्त्रीला आता बाया धाडायची येळ आली?" गुऱ्हाळवाला म्हणाला, "मिस्त्रीनं नाव घेऊन धाडलंय. गप ऱ्हा." आणि त्या एका नावावर माणसं बाजूला झाली, मला इंजिनापर्यंत वाट झाली. त्या नावावर एकदा मी स्वतः काळा हात पुसला होता. मी पदर खोचला.

सगळे म्हणत होते, खोलू या. मी म्हटलं, घाई नाही. चालू करायला लावलं. निळा धूर, चांगला लोट. पण दोन-तीन मिनिटांत विरला. भार टाकला, साफ. तासभर भारावर, साफ. बंद केलं, अर्धा तास थांबले, पुन्हा चालू केलं. पुन्हा निळा, पुन्हा विरला. तीनदा केलं. मग सांगितलं: रिंगा ठीक आहेत. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत खाली-वर होते ती नळी, गाईड, जुनीच ठेवलीय, ती झिजलीय. इंजिन उभं असतं तेव्हा तिच्यातून तेल थेंब थेंब आत उतरतं, चालू केल्यावर तेवढंच जळतं. फक्त वरचं डोकं काढा. बाकीच्याला हात लावू नका.

त्यांनी डोकं काढलं. दांडी गाईडमध्ये डुगडुगत होती, दात पडायला आल्यासारखी.

कधी एकदा मिस्त्रींना सांगते असं मला झालं होतं. गुऱ्हाळवाल्यानं दुसऱ्या दिवशीच्या जीपमध्ये जागा करून दिली. मस्तगडच्या बोळात शिरले तर कामाची जागा झाडलेली, हत्यारं पोत्याखाली. मिस्त्री आदल्या दिवशी पहाटेच गेले होते. मी गुऱ्हाळावर निघाले त्याही आधी. निरोप आमच्यापर्यंत पोचला नव्हता.

घरात नातलग बायका होत्या. मी मिस्त्रींच्या बायकोजवळ जाऊन बसले. तिनंच विचारलं, "गुऱ्हाळाचं इंजिन बघितलं का?"

मी म्हटलं, "ते राहू द्या हो आता."

"न्हाई, सांगा. ते म्हणलेते, बाई येऊन सांगंल, ऐकून घे." तिनं पदर सावरला आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसली. "कसा होता धूर?"

"निळा."

"कवा?"

"चालू करताना. दोन-तीन मिनिटं."

"अन् भारावर?"

"साफ."

ती क्षणभर डोळे मिटून बसली. वीस वर्षं धुराचे वास घेऊन घरी आलेल्या माणसाचे कपडे धुतलेली बाई ती.

"मंग गाईड असंल," ती म्हणाली.